बाबांवर लिहायला बसले की "जीवन एक प्रवास" होऊन बसतंय, काय करू?

अर्धवट_वही
नमस्कार मंडळी. बाबा मागच्या महिन्यात रिटायर झाले. 34 वर्षं नोकरी, 11 बदल्या, आणि दर वेळी आम्ही सगळे सामान बांधून मागोमाग. त्यांच्यावर काहीतरी लिहायचं म्हणून बसले, कविता सुरू केली "जीवन हा प्रवास, वळणे किती आली" अशी, आणि चार ओळींतच कळलं की यात बाबा कुठेच नाहीत, हे कुणाच्याही बाबांना चालेल. मग वाटलं कथा लिहावी तर 11 गावं 11 घरं सांगायला गेलं की नुसती यादी होते. इतक्या लोकांनी हा विषय हाताळलाय, त्यांनी कसं निभावलं? कविता बरी की कथा? आणि काय वाचू तेही सांगा प्लीज.

निळी_शाई
आधी "जीवन", "प्रवास", "वळण" हे तीन शब्द खोडा आणि काय उरतं ते बघा. काहीच उरलं नाही तर कविता अजून सुरू व्हायचीय असं समजा. बहिणाबाईंची संसारावरची कविता आठवा, सुरुवातच तव्याने आणि हाताला बसणाऱ्या चटक्यांनी होते. त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं, काम करता करता गायच्या, घरच्यांनी उतरवून घेतलं म्हणून 1952 ला पुस्तक आलं, तेही त्या गेल्यावर. जे रोज हाताखाली होतं तेच ओळीत आलं म्हणून ते इतक्या वर्षांनी पण शिळं वाटत नाही.

आणि रॉबर्ट फ्रॉस्टची दोन वाटांची कविता परत एकदा नीट वाचा, 1916 च्या संग्रहातली. सगळे सांगतात की त्याने कमी मळलेली वाट धरली, पण मधल्या कडव्यात तो स्वतःच म्हणतो की दोन्ही वाटा जवळपास सारख्याच मळलेल्या होत्या, दोन्हींवर पानं पडलेली. शेवटी तो म्हणतो की पुढे कधीतरी मी हे सुस्कारा टाकून सांगेन. म्हणजे कविता वाटेपेक्षा आपण मागाहून वाटेची गोष्ट कशी रचतो त्याबद्दल जास्त आहे, असं मला तरी वाटतं. तुमचे बाबा बदल्यांबद्दल काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, तिथे बघा ना.

कथावेडा71
कथेबद्दल बोलतो. लघुकथेत 11 मुक्काम मावत नाहीत, मावायला जावं तर दीर्घकथा होते. जी. ए. कुलकर्णींच्या रमलखुणा मध्ये (1975) दोनच कथा आहेत, त्यातल्या एकीचं नावच प्रवासी, आणि दोन्ही चांगल्या लांब. छोट्यात करायचं तर एकच फेरी घ्या. टॉलस्टॉयची 1886 ची ती जमिनीची गोष्ट, पाहोम नावाचा शेतकरी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत जेवढं चालेल तेवढी जमीन त्याची, पण मावळायच्या आत निघाल्या जागी परत यायचं. एका दिवसात माणसाची सगळी हाव दिसते आणि शेवटी लागते ती पुरण्यापुरती जागा. किंवा युडोरा वेल्टीची 1941 ची अ वॉर्न पाथ, म्हातारी बाई नातवाच्या औषधासाठी एकटी चालत निघालीय, वाटेत काटेरी झुडपात झगा अडकतो तर तो फाटू नये म्हणून ती एकेक काटा सोडवत बसते. तिचं पूर्वायुष्य फारसं सांगितलेलंच नाहीये, पण त्या काटे सोडवण्यात ते सगळं कळतं. मी ती कथा निदान सहा वेळा वाचलीय आणि त्या जागी दर वेळी थांबतो.

तुम्ही एकच बदली घ्या, निघायच्या आदल्या रात्रीची.

सांजपाखरू
निळी_शाई, थोडी असहमत. शब्द खोडून टाकले की कविता होतेच असं नाही, थेट बोललेलं पण लागतं. नारायण सुर्व्यांची "दोन दिवस" ही कविता घ्या, त्यात आयुष्याचा सरळ हिशोबच मांडलाय, वाट बघण्यात किती गेले, दुःखात किती गेले. आढेवेढे नाहीत, पण ज्याने मजुरी केलीय त्याच्या तोंडी दिवस मोजणं शोभतं. प्रश्न शब्दाचा नाही, तो कोणाच्या तोंडी आहे त्याचा आहे. ताई, तुमच्या बाबांच्या तोंडी काय असतं?

अर्धवट_वही
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांची जुनी लोखंडी ट्रंक काढली. दर बदलीला ते तिच्यावर नाव आणि नवीन गाव पांढऱ्या रंगाने लिहायचे, आधी जुन्यावर हिरवा हात मारून. बोट फिरवलं की खालची अक्षरं अजून उंच लागतात. सांजपाखरूचा प्रश्न डोक्यात होता म्हणून त्यांनाच विचारलं आणि हे झालं, कसंय सांगा:

ट्रंकेवर बोट फिरवलं की
रंगाखाली एक म लागतो
हे कुठलं गाव, बाबांना विचारलं
तर म्हणाले
तिथे तुला गोवर निघाला होता

निळी_शाई
शेवटच्या ओळीला हात लावू नका. "रंगाखाली" च्या जागी "हिरव्याखाली" करून बघा, मग तो हात मारलेला डोळ्यासमोर येईल. सांजपाखरू, तुमचं पटलं मला.

आणि म कुठल्या गावाचा ते कवितेत नका सांगू, पण स्वतःसाठी बाबांना शेजारी बसवून 11 ही नावं लिहून घ्या, या आठवड्यातच.