आयरिश भाषेत इंग्रजांना ‘सासनख’ का म्हणतात?

प्रश्न:
इंग्रजांचे स्वतःचे नाव ‘अँगल’ जमातीवरून पडले, मात्र आयरिश भाषेतील ‘सासनख’ या शब्दात तिचा मागमूसही नाही. या शब्दाची व्युत्पत्ती काय, आणि तो मुळात अपशब्द आहे का?

प्रतिसाद १:
अपशब्द मुळीच नाही. उत्तरकालीन रोमन लेखक समुद्रमार्गे येऊन लुटालूट करणाऱ्या जर्मानिक टोळ्यांना सरसकट ‘सॅक्सन’ म्हणत; तेच नाव शेजारच्या केल्टिक भाषांनी उचलले आणि पुढे या टोळ्या ब्रिटनमध्ये स्थायिक झाल्यावरही बदलले नाही. म्हणून इंग्लंड हा देश आयरिशमध्ये ‘सासना’, तर वेल्शमध्ये इंग्रज माणूस ‘साइस’. ‘सासनख’मधील शेवटचा ‘अख’ हा प्रत्यय ‘त्या ठिकाणचा’ असा अर्थ देतो; आपल्या आडनावांतल्या ‘कर’सारखाच. तुच्छतेची छटा प्रामुख्याने स्कॉटिश गेलिकमधून इंग्रजीत गेलेल्या ‘सॅसनॅक’ या रूपाला चिकटली आहे.

प्रतिसाद २:
वरील उत्तराला ‘गाल’ या शब्दाची जोड द्यायला हवी, कारण त्याशिवाय चित्र अपुरे राहते. ‘गाल’ म्हणजे आधी गॉल देशाचा (साधारण आजच्या फ्रान्सचा) रहिवासी, मग कोणताही परका. नवव्या शतकात तो व्हायकिंगांना लागला आणि 1169 नंतर इंग्लंडच्या बाजूने आलेल्या अँग्लो-नॉर्मन आक्रमकांनाही. आयर्लंडमधल्या डोनेगॉल या ठिकाणाचे आयरिश नाव उच्चारून पाहा: ‘डून न ङाल’, म्हणजे परक्यांचा किल्ला. (शब्दारंभी ‘ङ’ ऐकण्याची संधी मराठी कानांना क्वचितच मिळते.) सतराव्या शतकात तर पिढ्यान्‌पिढ्या आयर्लंडमध्ये राहिलेल्या, पण मुळात बाहेरून आलेल्या कॅथलिक घराण्यांना ‘जुने गाल’ आणि नव्याने आलेल्या प्रोटेस्टंट वसाहतवाल्यांना ‘नवे गाल’ म्हणत. ‘सासनख’लाही पुढे ‘प्रोटेस्टंट’ असा दुसरा अर्थ मिळाला, तो याच धर्मकलहामुळे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. ‘गाल’ची वाटचाल वाचून आयोनियन ग्रीकांपासून निघून पुढे सर्वच परधर्मीयांना लागू झालेला आपला ‘यवन’ आठवला. मग इंग्रजी भाषेच्या नावातही सॅक्सनच आहेत का?

प्रतिसाद १:
आज नाहीत. आयरिशमध्ये इंग्रजी म्हणजे ‘बेर्ला’. ‘बेल’ म्हणजे तोंड; त्यावरून जुन्या आयरिशमध्ये ‘बेलरे’, म्हणजे बोली, आणि मग ‘ल’ व ‘र’ यांचा वर्णविपर्यय (जागांची अदलाबदल) होऊन ‘बेर्ला’. हा शब्द पूर्वी कोणत्याही भाषेला चाले आणि इंग्रजीला ‘सॅक्सनांची बेर्ला’ असे स्पष्ट म्हणावे लागे. कालांतराने ‘सॅक्सनांची’ हे विशेषण गळून पडले, आणि ‘भाषा’ एवढ्याच अर्थाचा शब्द एकट्या इंग्रजीच्या वाट्याला गेला.