मदत हवी आहे: जादाचे लाईट डिप्परला लागतात आणि अप्पर मारला की विझतात, काय उलटं झालंय?

कराडकर_टायर

मंडळी नमस्कार, डोकं आऊट झालंय म्हणून इथं लिहितोय. गाडी २००९ ची जपानी कंपनीची, नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा ॲव्हरेजच्या भांडणात जाईल. हेडलाईटला साधे एच४ बल्ब, म्हणजे एकाच बल्बमधे दोन फिलामेंट, अप्पर (लांबचा झोत) ६० वॅटचा आणि डिप्पर (जवळचा झोत) ५५ वॅटचा. गणपतीला चिपळूणकडं उतरायचंय, कुंभार्ली घाटातून, आणि मागच्या वर्षी हेळवाक सोडल्यावर जो पाऊस आणि धुकं लागलं त्यात बायकोने खिडकीतून डोकं बाहेर काढून पांढरी पट्टी सांगितली तेव्हा कुठं खाली पोचलो. म्हणून यंदा बंपरवर दोन गोल हॅलोजन लावून घेतले, ५५ वॅटचे दोन, सोबत वायरिंगचं किट आलं त्यात रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा डबीसारखा स्विच) आणि बटण होतं.

फिटिंग ओळखीच्या एका वायरमनने केलं. त्याने सांगितल्याप्रमाणे रिलेची ३० नंबरची पिन बॅटरीला, ८७ लाईटला, ८५ बॉडीला अर्थ, आणि ८६ हेडलाईटच्या अप्परच्या वायरला, मधे डॅशबोर्डवरचं बटण. म्हणजे बटण चालू असेल आणि अप्पर मारला तरच लाईट लागायला पाहिजेत, बरोबर ना?

तर होतंय असं की हेडलाईट बंद असताना काही लागत नाही, ठीक. हेडलाईट डिप्परला टाकले की रिले टक् करतो आणि दोन्ही लाईट लागतात. अप्पर मारला की टक्, बंद! परत डिप्पर, टक्, चालू. वायरमनने दोन वेळा रिले बदलला, मग म्हणाला गाडीतच फॉल्ट आहे, कंपनीत दाखवा. अहो गाडी चौदा वर्षं बिनतक्रार चालली, लाईट लावल्या दिवशी तिच्यात फॉल्ट कसा येईल.

आणि दुसरं, लाईट लागतात तेव्हा पण उजेड पिवळट मरगळलेला आहे, दुकानात बॅटरीला डायरेक्ट लावून दाखवला तेव्हा भिंत पांढरी झाली होती. वायर हाताला कोमट लागते. यात काही संबंध आहे का?

एलईडीवाला_भाऊ

हॅलोजन काढून टाक आणि एलईडी बार लाव, विषय संपला.

कराडकर_टायर

भाऊ पैसे तुमच्याकडून पाठवता का, मग लावतो.

रिकामटेकडा

सोपं आहे, पाच पिनचा रिले आण, त्यात ८७ए म्हणून मधली पिन असते, लाईटची वायर ८७ वरून काढून तिथं लाव. उलटं चाललंय ते सुलटं होईल.

बोनेटखाली

रिकामटेकडा, असला सल्ला नका देऊ हो. ८७ए ला करंट कधी मिळतो? रिले झोपलेला असतो तेव्हा. अप्परला रिले झोपतो म्हणून लाईट लागतील खरे, पण गाडी लॉक करून माणूस जेवायला बसला तेव्हाही रिले झोपलेलाच असणार, म्हणजे लाईट रात्रभर समोरच्या भिंतीवर आणि सकाळी बॅटरी खलास.

कराडकर, तुमच्या गाडीत फॉल्ट नाही आणि रिलेतही नाही. बऱ्याच जपानी गाड्यांत हेडलाईटचं स्विचिंग निगेटिव्ह साईडला असतं. आपल्या डोक्यात काय बसलंय की बल्बची एक बाजू कायम अर्थला आणि स्विच प्लस सोडतो. तुमच्याकडे उलट असणार: हेडलाईट चालू केले की बल्बच्या कॉमन पिनला प्लस येतो, आणि स्टिअरिंगजवळची दांडी अप्पर किंवा डिप्परची वायर अर्थला टेकवते. आता बघा काय होतंय. डिप्पर चालू असताना अप्परची वायर कुठंच टेकलेली नाही, लोंबकळतीय, पण तिच्या दुसऱ्या टोकाला अप्परची फिलामेंट आहे आणि फिलामेंटच्या पलीकडे प्लस. तो प्लस फिलामेंटमधून सरळ तुमच्या रिलेच्या ८६ ला येतो. रिलेच्या कॉइलला (८५ आणि ८६ च्या मधलं वेटोळं, जे रिले ओढतं) लागतो पाव अँपियरही नाही, तेवढ्याने फिलामेंट लालसुद्धा होत नाही म्हणून कळत नाही. रिले ओढला, लाईट लागले. अप्पर मारला की तीच वायर अर्थला गेली, ८६ ला शून्य, ८५ ला शून्य, रिले सुटला.

माझा अंदाज आहे, खात्री करून घ्या. मल्टीमीटर घ्या, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, बल्बचा कप्लिंग जागेवरच ठेवून मागच्या बाजूने तिन्ही वायरींना लाल प्रोब लावा, एकदा डिप्परला एकदा अप्परला. डिप्परला एकाच वायरीवर बारा दिसले तर मी चुकलो. दोन वायरींवर दिसले तर निगेटिव्ह स्विचिंग.

कराडकर_टायर

बोनेटखाली साहेब, पोरगीला स्टिअरिंगवर बसवलं आणि मी मीटर घेऊन पुढं. "पप्पा वर का खाली" "खाली" "आता?" "आता वर" असं अर्धा तास. रीडिंग, इंजिन बंद:

डिप्पर: १२.३, ०.२, १२.२
अप्पर: १२.२, १२.१, ०.२

डोक्यावर हात मारला. म्हणजे वायरमनने दोन रिले फुकट बदलले.

बोनेटखाली

झालं तर मग. पहिली वायर कॉमन, दुसरी डिप्पर, तिसरी अप्पर. आता ८५ बॉडीवरून सोडवा आणि अप्परच्या वायरला द्या. ८६ ला डॅशबोर्डच्या बटणामधून ती पहिली वायर, कॉमनवाली. डिप्परला दोन्हीकडे बारा, कॉइलला फरकच नाही, रिले गप्प. अप्परला एकीकडे बारा एकीकडे जवळपास शून्य, रिले ओढणार. हेडलाईट बंद तर सगळंच बंद. एक बघा, रिलेवर छोटं चित्र छापलेलं असतं, त्यात कॉइलला डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा भाग) दाखवला असेल तर प्लस ८६ लाच गेला पाहिजे, उलटा दिला तर शॉर्ट.

सोल्डरगन

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी बघतच नाहीये. उजेड मरगळलेला आणि वायर कोमट, हे त्या किटच्या वायरीचं काम. वरून जाड दिसते, सोलून बघा, आत केसाएवढं तांबं. हिशोब करा: ५५ चे दोन म्हणजे ११० वॅट, भागिले बारा, नऊ अँपियरच्या वर. एवढा करंट ०.५ स्क्वेअर एमएमच्या चार मीटर वायरीतून गेला की सव्वा व्होल्टच्या आसपास वायरीतच खर्च होतो, वर क्लिपा आणि अर्थचे जॉइंट वेगळे. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड दहा टक्के नाही, तीसच्या घरात पडतो. म्हणून दुकानात भिंत पांढरी आणि बंपरवर रॉकेलची चिमणी.

इंजिन चालू ठेवून लाईट लावा आणि लाईटच्या मागच्या दोन वायरींमधे व्होल्टेज मोजा, मग बॅटरीवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको.

बॅटरी ते रिले आणि रिले ते लाईट २.५ स्क्वेअर एमएम टाका, ऑटोचीच, घरातल्या फिटिंगची एकतारी नको, ती थरथरीने तुटते. कॉइलच्या वायरींना एक स्क्वेअर एमएम पुष्कळ.

आणि फ्यूज कुठं आहे? तुमच्या सगळ्या वर्णनात फ्यूज हा शब्दच नाही.

कराडकर_टायर

सोल्डरगन, बॅटरीवर १३.८, लाईटवर ११.६. फ्यूज... नाहीये. किटमधे काचेचा होता तो वायरमनने "याने लूज कॉन्टॅक्ट होतो" म्हणून कापून डायरेक्ट जोडलाय. आत्ता बघितलं, ती वायर बॅटरीवरून येऊन पत्र्याच्या कडेवरून खाली गेलीय आणि तिथं इन्सुलेशन घासून पांढरं पडलंय.

सोल्डरगन

आज रात्री बॅटरीवरून ती वायर काढून ठेवा. आत्ता, जेवायच्या आधी. ते इन्सुलेशन फाटलं की बॅटरी डायरेक्ट बॉडीला, मधे थांबवणारं कोणी नाही, आणि वायर काही सेकंदात लाल होते. घाटात पावसात बोनेटमधून धूर आला तर थांबायला जागा कुठं आहे सांगा.

फ्यूज १५ अँपियरचा, पात्याचा, झाकणवाल्या होल्डरमधे, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. दहाचा टाकू नका, थंड फिलामेंट चालू होताना करंट जोरात ओढते, उगाच उडत राहील. तीसचा तर अजिबात नको, तुमची वायर जळेल आणि फ्यूज बघत बसेल.

अर्थ लाईटच्या ब्रॅकेटच्या रंगवलेल्या बोल्टला दिलाय ना? सगळे तेच करतात. रंग खरवडून चकाकतं लोखंड दिसेपर्यंत घासा, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून बसवा, वरून ग्रीस. रिले उभा लावा, पिना खाली, नाहीतर पावसाचं पाणी पिनांतून आत जाऊन महिन्याभरात गंजतो. केबिनमधे बटणाची वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट (वायर कडेला घासू नये म्हणून रिंग) पाहिजेच.

पोफळीचा_पोर

मी घाटाच्या खालचा माणूस, वायरिंगमधलं मला काही कळत नाही पण एक विचारतो. दादा तुम्ही लाईट धुक्यासाठी घेतले ना? मग अप्परला का जोडताय? धुक्यात अप्पर मारला की समोर दुधाची भिंत उभी राहते, कुंभार्लीत आम्ही सगळे डिप्परवरच उतरतो. उलट तुमचं आत्ता जे चुकून डिप्परला लागतंय तेच धुक्याला बरोबर नाही का?

बोनेटखाली

हाहाहा. पोफळीच्या पोराने सगळ्यांची विकेट काढली.

कराडकर, लाईटच्या काचेचा फोटो टाका आणि बंपरवर कुठं बसवलेत तेही सांगा.

कराडकर_टायर

फोटो टाकलाय. काच एकदम प्लेन, आत खोल वाटी, बसवलेत नंबरप्लेटच्या दोन्ही बाजूला पण वरच्या अंगाला, हेडलाईटच्या जवळपास लेव्हलला. आणि हो, परवा कोयनानगरला एका कामाला गेलो होतो तेव्हा धुकं होतं, लावून बघितले, समोर नुसता पांढरा पडदा. मला वाटलं उजेड कमी पडतोय म्हणून असं होतंय.

बोनेटखाली

उजेड वाढला असता तर पडदा अजून जाड झाला असता. हे ड्रायव्हिंग लाईट आहेत, लांब आणि अरुंद झोत टाकणारे, मोकळ्या रस्त्यावर अप्परच्या जोडीला. धुक्याच्या लाईटची काच रेघारेघांची असते, झोत आडवा पसरट आणि वरून कापलेला, आणि ते बसवतात जेवढे खाली बसतील तेवढे, म्हणजे उजेड धुक्याच्या खालून रस्त्याच्या कडेवर पडतो आणि तुमच्या डोळ्यात परत येत नाही. दुकानदाराने "फॉगलाईट" म्हणून दिले असतील, आपल्याकडे बंपरवरच्या कुठल्याही लाईटला फॉगलाईटच म्हणतात.

माझं मत: आहेत ते वरती सांगितलं तसे अप्परला जोडा, हायवेला कामाला येतील, समोरून गाडी आली की दांडीसोबत आपोआप विझतील, जे महत्त्वाचं आहे. डिप्परला ठेवले तर समोरच्याला रात्रभर आंधळं कराल. बजेट असेल तेव्हा खालच्या जाळीत खरे फॉग बसवा, वेगळा रिले, वेगळा फ्यूज, ट्रिगर (रिलेला चालू करणारी वायर) पार्किंग लाईटच्या वायरीवरून, आणि ती वायर पण आधी मीटरने मोजून.

जुनाट_जीपवाला

त्यात भर, कोणी बुल बारवर (बंपरपुढच्या लोखंडी दांड्यांवर) लावायचा सल्ला दिला तर ऐकू नका, २०१७ च्या डिसेंबरातच केंद्राने त्याच्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलंय, उगाच पावती. आणि हेडलाईटला १००/९० चे बल्ब टाकायचा मोह पण आवरा, माझ्या जीपचा होल्डर वितळून बल्बला चिकटला होता, पक्कडीने तोडून काढला.

एलईडीवाला_भाऊ

एलईडी बार लावला असता तर एवढं झालंच नसतं.

सोल्डरगन

झालं असतं. ट्रिगर त्याच वायरीवरून घेतला असता.

कराडकर_टायर

अपडेट. रविवारी स्वतःच बसलो, वायरमनला बोलावलंच नाही. २.५ ची लाल काळी वायर, १५ चा फ्यूज, जुनी वायर ओढून काढली तर पत्र्याच्या कडेला लागत होती तिथं दोन तारा उघड्या पडल्या होत्या, तो तुकडा कापून पाकिटात ठेवलाय, वायरमनला दाखवायला. ८५ अप्परच्या वायरला, ८६ बटणातून कॉमनला. पोरगीला परत स्टिअरिंगवर बसवलं. डिप्पर, काही नाही. अप्पर, टक्, आणि समोरच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीत येऊन ओरडले "अरे बंद कर ते". लाईटवर १३.३.

काकांच्या गॅलरीवरून कळलं की लाईट फारच वर बघतायत, ते उद्या भिंतीसमोर उभं करून खाली घेतो. फॉगचं दिवाळीनंतर बघू, गणपतीला डिप्परवर आणि बायकोच्या भरवशावर. पोफळीच्या पोरा, खाली उतरलो की कुठल्या टपरीवर चहा प्यायचा तेवढं सांग.