मदत हवी आहे: जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळीत कोणता फिल्टर बसवावा?

ओढ्याकाठी (धागाकर्ता)
नमस्कार. गेल्या तीन आठवड्यांत माझी गाडी चढावर चार वेळा बंद पडली असून, पेट्रोलच्या नळीतला फिल्टर बदला, असे मला सांगण्यात आले आहे. साताऱ्यातल्या दुकानात तीन प्रकारचे फिल्टर मिळाले. एक पारदर्शक प्लास्टिकचा, आत पिवळसर कागदाच्या घड्या असलेला. दुसरा काचेचा, दोन्ही टोकांना चकचकीत टोपणे असलेला. आणि तिसरा करंगळीच्या पेराएवढा, आत नुसती जाळी असलेला. दुकानदाराच्या मते सगळे सारखेच आहेत. रविवारी पुण्याला जायचे आहे, आणि परतताना खंबाटकी चढताना पुन्हा गाडी ढकलण्याची माझी तयारी नाही. कृपया एकच नाव सांगावे, म्हणजे आजच घेऊन टाकतो.

वंगणवाला
'गाडी' म्हणजे कोणती, हे आपण लिहिलेले नाही. दोन स्ट्रोक की चार स्ट्रोक, किती वर्षे उभी होती, टाकी आतून पाहिली आहे का, सध्याचा फिल्टर कोणी आणि कधी बसवला, आणि 'बंद पडते' म्हणजे झटक्यात बंद होते की आचके देत हळूहळू मरते, एवढे कळल्याशिवाय नाव सांगणे म्हणजे नाडी न पाहता पुडी बांधून देणे होय.

चकचकीत
मी गेली सहा वर्षे माझ्या बुलेटला काचेचा फिल्टर वापरत आहे आणि मला काहीही त्रास झालेला नाही. काचेचाच घ्या. आतले सगळे दिसते, उघडून धुता येतो, आणि गाडीलाही शोभतो.

ओढ्याकाठी
यामाहाची दोन स्ट्रोकची आरएक्स १०० मोटारसायकल आहे, हे लिहायचे राहून गेले. १९९४ ची, वडिलांची. टाकी बाहेरून नवीन रंगवून घेतली आहे. फिल्टर दोन महिन्यांपूर्वी गाडी पुन्हा चालू करताना मेकॅनिकने बसवला, तो कागदाच्या घड्यांचा आहे. मूळ प्रश्न फक्त फिल्टरचा आहे.

वंगणवाला
बाहेरून रंगवून घेतली, हे कळले. मी आतून विचारले होते. 'पुन्हा चालू करताना' म्हणजे ती किती वर्षे बंद होती?

नळदुरुस्ती
फिल्टरकडे जाण्याआधी टाकीच्या झाकणाचे भोक तपासावे, असे माझे ठाम मत आहे. पेट्रोल खाली उतरते तेव्हा त्याच्या जागी वरून हवा यावी लागते. रंगाच्या वेळी ते बारीक भोक बुजले असेल तर टाकीत ओढ निर्माण होते आणि पेट्रोल येणे थांबते. पाच मिनिटे गाडी उभी केली की हवा हळूहळू आत शिरते व गाडी पुन्हा चालू होते. माझ्या स्वतःच्या गाडीत हेच झाले होते, आणि तोपर्यंत मी दोन फिल्टर, एक प्लग आणि एक कॉइल बदलून बसलो होतो. पुढच्या वेळी गाडी बंद पडताच झाकण उघडा. 'सुस्स' असा आवाज आला तर फिल्टरचा विषय तिथेच संपला.

वंगणवाला
नळदुरुस्ती यांचे म्हणणे चुकीचे नाही, परंतु तुंबलेला फिल्टरही अगदी हीच लक्षणे दाखवतो. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) तळाशी फ्लोट चेंबरमध्ये थोडे पेट्रोल साठलेले असते. सपाटीवर अर्ध्या मुठीने चालवताना खर्च कमी असल्यामुळे तुंबलेल्या फिल्टरमधून झिरपणारे पेट्रोलही पुरते. घाटात मूठ पूर्ण पिळली की खर्च आवकेपेक्षा वाढतो, चेंबर रिकामे होते, गाडी आचके देते आणि मरते. थांबलो की चेंबर पुन्हा भरते. त्यामुळे 'थोड्या वेळाने चालू होते' एवढ्यावरून झाकण दोषी की फिल्टर, हे ठरवता येत नाही. मोजूनच ठरवावे लागेल.

टेम्सकाठचा
मी इंग्लंडमध्ये राहतो आणि माझ्याकडेही एक जुनी दोन स्ट्रोक गाडी आहे. येथे सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांसाठी मात्र पाच टक्क्यांपर्यंतचे महाग पेट्रोल मिळते आणि मी तेच वापरतो. आपणही कमी इथेनॉलचे पेट्रोल वापरल्यास फिल्टरचा प्रश्न बराचसा सुटेल.

ओढ्याकाठी
टेम्सकाठचा, आमच्या पंपावर एकच नळी आहे आणि तीतून येईल ते घ्यावे लागते. गाडी २०१६ पासून पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. आचके देते, मग मरते. झाकण उघडून पाहतो. पण समजा फिल्टरच खराब निघाला, तर त्या तिघांपैकी कोणता?

वंगणवाला
आता उत्तर देता येते. कागदी फिल्टर या गाडीसाठी घेऊ नये. आरएक्स १०० मध्ये पेट्रोलचा पंप नाही. टाकीतून कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल केवळ उंचीमुळे उतरते. ही उंची वीसेक सेंटिमीटर धरली, तर तिचा दाब ०.०१५ बारच्या आसपास भरतो. इंजेक्शनच्या (पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या) गाड्यांमध्ये पंप ३ बारच्या जवळपास दाब देतो, म्हणजे सुमारे दोनशेपट. दाट कागदाचा फिल्टर त्या दाबापुढे मुकाट्याने पेट्रोल सोडतो, आपल्या गाडीत मात्र तो थोडासा जरी भरला तरी वाट अडवतो. म्हणून उंचीवर चालणाऱ्या गाडीला जाळीचाच फिल्टर हवा. जाळीतून अगदी बारीक धूळ जाईल हे खरे, परंतु जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे बारीक छिद्र, तुंबवणारा जाडसर कचरा अडेल, आणि तेवढेच आपले काम आहे.

चकचकीत
माझ्या काचेच्या फिल्टरमध्येही आत जाळीच आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरलात.

गॅरेजातली
आमचे गॅरेज आहे, म्हणून काचेच्या फिल्टरबद्दल लिहिते. त्याची जाळी चांगली असते. अडचण टोपणाखालच्या रबरी वायसरची आहे. हलक्या रबराचे वायसर इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये फुगते, मग कोरडे पडल्यावर आकसते, आणि पेट्रोल पाझरू लागते. आरएक्सवर हा फिल्टर गरम सिलिंडरच्या अगदी शेजारी लोंबकळतो आणि इंजिनाची थरथरही कमी नसते. गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा गाडी घेऊन आला, तेव्हा खालच्या टोपणातून निघालेला थेंब सिलिंडरच्या पात्यावर पडून चर्र करत उडून जाताना मी स्वतः पाहिला. त्या दिवसापासून आम्ही काचेचा फिल्टर बसवणे बंद केले आहे.

चकचकीत
माझा सहा वर्षांत एकदाही पाझरलेला नाही. वायसर वर्षातून एकदा बदलावे लागते, एवढेच.

गॅरेजातली
वर्षातून एकदा आठवणीने वायसर बदलणारे गिऱ्हाईक मला अजून भेटायचे आहे. ओढ्याकाठी, एक विचारते: ऑइलचा पंप जागेवर आहे, की तो काढून टाकून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालवता? आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक नेहमी कुठे असतो, मुख्यवर की रिझर्व्हवर?

ओढ्याकाठी
ऑइलचा पंप मेकॅनिकने काढून टाकला. आता पेट्रोल भरतानाच ऑइल मिसळतो. कॉक रिझर्व्हवरच असतो, कारण मी एका वेळी शंभर-दीडशे रुपयांचेच पेट्रोल भरतो. याचा फिल्टरशी काय संबंध आहे?

गॅरेजातली
दोन्हींचा थेट संबंध आहे. टाकीच्या आत कॉकच्या दोन वाटा असतात. मुख्य वाट उभ्या नळीतून, तळापासून बऱ्याच वरून पेट्रोल घेते. रिझर्व्हची वाट तळाला लागून असते. गंजाचा चुरा आणि पाणी तळाशीच बसते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर झाले की दोघे मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन खाली उतरतात. आठ वर्षांहून अधिक काळ उभ्या राहिलेल्या टाकीचा तळ आपण रोज फिल्टरला पाजत आहात.

ऑइलचे तर त्याहून गंभीर आहे. चार स्ट्रोकच्या गाडीला पेट्रोल कमी पडले तर ती बंद पडते आणि आपण ढकलतो. आपल्या गाडीत ऑइल पेट्रोलबरोबरच येते. पेट्रोल कमी पडले की हवा-पेट्रोलच्या मिश्रणात हवा जास्त होऊन इंजिन तापते, आणि नेमके त्याच वेळी पिस्टनला मिळणारे ऑइलही घटते. घाटात, पूर्ण मुठीवर. असेच चालू राहिले तर पिस्टन पकडेल, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसेल, आणि खर्च थेट सिलिंडर बोअर करण्यावर (आतून घासून मोठा करण्यावर) जाईल. फिल्टर साठ रुपयांचा की दीडशेचा, हा विचार त्या हिशोबात बसतच नाही.

आरटीओमित्र
गाडी १९९४ ची असल्यामुळे हे लिहितो. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यापुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ते झाले नसेल तर पुण्याला जाण्यापूर्वी करून घ्यावे.

ओढ्याकाठी
नूतनीकरण झालेले आहे. कृपया मोजायचे कसे तेवढे सांगा. कोणीतरी 'मोजूनच ठरवावे' असे लिहून पुढे काहीच लिहिलेले नाही.

वंगणवाला
तक्रार रास्त आहे. इंजिन पूर्ण थंड असताना, उघड्यावर, आसपास विडी-काडी नसताना करावे. कार्ब्युरेटरकडचे नळीचे टोक काढून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडा, कॉक उघडा आणि घड्याळ लावून तीन मिनिटे पेट्रोल येऊ द्या. प्रत्येक मिनिटाला बाटलीवर खूण करा. आधी फिल्टरसह, मग फिल्टर काढून, आणि दोन्ही वेळा झाकण एकदा बंद व एकदा उघडे ठेवून. गरज किती, याचा हिशोब असा: ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना लीटरमागे २५ किलोमीटर मिळतात असे धरले, तर तासाला ३.२ लीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ५३ मिलिलीटर लागते. बाटलीत मिनिटाला याच्या तिप्पट-चौपट सहज पडले पाहिजे, आणि तिसऱ्या मिनिटालाही तेवढेच पडले पाहिजे. पहिल्या मिनिटाच्या आकड्यावर भुलू नका.

नळदुरुस्ती
आणि झाकण उघडताच धार वाढली, तर माझी आठवण काढा.

ओढ्याकाठी
आज सकाळी मोजले. फिल्टरसह पहिल्या मिनिटाला १६०, दुसऱ्याला ७०, तिसऱ्याला ३५ मिलिलीटर. झाकण उघडल्याने काहीही फरक पडला नाही, क्षमस्व, नळदुरुस्ती. फिल्टर काढल्यावर मात्र तिन्ही मिनिटांना ३०० च्या आसपास आले. मग जुना फिल्टर करवतीने कापला. बाहेरून तो स्वच्छ दिसत होता, पण कागदाच्या घड्या उलगडल्या तेव्हा आत ओल्या विटकरीसारखा लाल गाळ बसलेला होता आणि बोटावर घेतल्यावर तो मेंदीसारखा रंग सोडत होता. टाकीत टॉर्च मारला. तळ लाल आहे. वंगणवाला यांनी 'आतून पाहिली का' असे विचारले होते, ते मी ओलांडून गेलो होतो.

कॉक सोडवल्यावर त्याच्या खालच्या लहान वाटीतही तोच गाळ आणि पाण्याचे दोन टपोरे थेंब निघाले. आतली नळीवरची जाळी एका बाजूने फाटलेली आहे.

वंगणवाला
म्हणजे टाकीतला पहिला राखणदारच पळून गेला होता आणि सगळा भार नळीतल्या फिल्टरवर पडला. नुसता फिल्टर बदलला तर तोही काही आठवड्यांत भरेल. आधी टाकी आतून धुऊन घ्या, कॉकची जाळी बदला, आणि मग नळीत जाळीचा छोटा फिल्टर बसवा.

टेम्सकाठचा
टाकीसाठी मी व्हिनेगर वापरतो. कॉक काढून भोक बंद करावे, टाकी व्हिनेगरने काठोकाठ भरून दोन दिवस ठेवावी, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने खळबळून लगेच वाळवावी. ओली राहिली तर तासाभरात नवा गंज धरते, म्हणून वाळताच आत थोडे दोन स्ट्रोकचे ऑइल फिरवून घ्यावे. नव्या रंगावर व्हिनेगर सांडू देऊ नये.

ओढ्याकाठी
धन्यवाद. मापाचे काय? दुकानात ६ आणि ८ मिलिमीटर असे दोन मिळतात.

गॅरेजातली
दुकानदाराला विचारू नका, कार्ब्युरेटरची तोटी व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) मोजा आणि त्याच मापाचा घ्या. मोठ्या तोटीचा फिल्टर ताणून बसवलेल्या नळीला टोकाशी चिरा पडतात, आणि लहान तोटीवर नळी सैल राहून गळते. आत्ताची नळी पारदर्शक प्लास्टिकची असेल तर तीही काढून टाका. ती पेट्रोलने काडीसारखी कडक होते. इंधनासाठीची काळी नायट्राइल रबराची नळी घ्या. लांबी एवढीच ठेवा की ती कॉकपासून सतत उतरत जाईल. मध्ये कुठे वर उचलली गेली तर तिथे हवा अडकते. फिल्टर उभा, सिलिंडरपासून शक्य तितका दूर. बसवल्यावर तो अर्धा रिकामा दिसेल. घाबरून पुन्हा धागा काढू नका, या गाड्यांत तसे दिसतेच.

ओढ्याकाठी
रविवारी एसटीने गेलो. व्हिनेगरला दोनऐवजी तीन दिवस लागले. काल सगळे जोडले: कॉकची नवी जाळी, ६ मिलिमीटरचा जाळीचा फिल्टर, काळी नळी, दोन्ही टोकांना स्प्रिंगच्या क्लिपा. बाटलीत तिन्ही मिनिटांना २८० च्या आसपास आले. पाच लीटर पेट्रोल भरले आणि कॉक मुख्यवर ठेवला. आज सकाळी पुण्याला जाऊन दुपारी परतलो आणि खंबाटकी एका दमात चढलो.

वंगणवाला
उत्तम. फिल्टरवरचा बाण कार्ब्युरेटरकडे आहे ना?

ओढ्याकाठी
आत्ता पाहिला. टाकीकडे आहे.

वंगणवाला
पेट्रोल येईल, पण कचरा जाळीच्या आतल्या बाजूला साठेल आणि बाहेरून काहीच दिसणार नाही. कॉक बंद करून उलटा करून घ्या.