पन्नाशीतला फिटनेस: काय टिकलं, काय सुटलं?

धागा काढायचं कारण सांगतो. गेल्या चवथीला आरती झाली, सगळे उठले, मी बसलेलाच. मांडी सुटेना. शेवटी एक हात चौरंगावर नि एक पुतण्याच्या खांद्यावर टेकून उठलो तर वहिनी म्हणते, भावजी, पुढच्या वर्षी गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटोळी बांधायला वर चढू नका हां. वय 51, वजन 64, त्यामुळे मी आपला स्वतःला फिट समजून होतो. डॉक्टर म्हणाले वजनाचं राहू दे, मांड्यांत स्नायू कुठे आहेत? तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के स्नायू जातात म्हणे, साठीनंतर आणखी भरभर. तेव्हापासून खुर्चीवरून हात न टेकता उठबस करतोय, आधी 5 वेळा केली तरी पाय लटपटायचे, आता 15 चे तीन सेट. तुम्हीही लिहा. किलो किती उतरले ते नको, काय जमायला लागलं ते.

---

पणजी, 47. मिरामारला पाच वर्षं रोज पहाटे चालले, दोघी मैत्रिणी, गप्पा मारत मारत, आणि येताना चहा-भजी 🙈 मग एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) 6.1 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, चालताना गाणं म्हणता येतं का? म्हटलं, भजन पण म्हणतो! मग त्याला चालणं नाही, फिरणं म्हणतात, म्हणाल्या. बोलता यावं पण गाता येऊ नये एवढा वेग हवा, आठवड्याला निदान 150 मिनिटं. आता आल्तिनोचा चढ चढते, मैत्रीण अजून मिरामारला 😀 रिपोर्ट 5.8.

---

म्हापसा, 49. मुलाबरोबर जिम लावली, दुसऱ्याच आठवड्यात त्याच्यासमोर भाव खायला गेलो नि डेडलिफ्टला (जमिनीवरून वजन उचलायचा व्यायाम) कंबर धरली. ट्रेनर पोरगा 24 वर्षांचा, तो मोबाइलमध्ये. दीड महिना घरी. फिजिओने नंतर नुसती काठी धरून वाकायला शिकवलं, तीन आठवडे फक्त काठी! लाज वाटायची पण आता 40 किलो व्यवस्थित उचलतो.

---

फोंडा. व्यायामाचं माहीत नाही, मी पावाचं लिहितो. पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की मी गेटवर, सकाळी चार उंडे (गोल पाव), संध्याकाळी परत दोन. ते सोडणं काय जमलं नाही, सोडायचंही नव्हतं. आता एकच पोळी घेतो, चपाती नव्हे, पोदेराचाच कोंडा लावलेला पाव, आणि सोबत मुगागाठी (मोडाच्या मुगांची भाजी) नाहीतर दोन अंडी. दुपारी शीत (भात) अर्धं आणि हुमणातल्या (माशाच्या कढीतल्या) फोडी जास्त. शर्टाचं शेवटचं बटण लागतं, एवढंच सांगतो.

---

हुर्राकचा (काजूच्या दारूचा) सीझन सोडून सगळं पाळतो. खोटं कशाला लिहू.

---

मडगाव, 53. बायकांचं कोणी लिहिलंच नाही म्हणून लिहिते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं नि हाडं भराभर ठिसूळ होतात, माझ्या आईचं मनगट नुसतं अंगणात घसरून मोडलं होतं. मी पाच लिटरचे दोन कॅन भरून घरचा जिना चढउतर करते, आठवड्यातून तीनदा. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, नळाला पाणी नाही का गं?

आणि दात घासताना एका पायावर उभं राहा सगळ्यांनी. 2022 साली एक अभ्यास आला होता, ब्राझीलमधले 51 ते 75 वयाचे लोक, ज्यांना 10 सेकंद एका पायावर उभं राहता येईना त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे पाय टेकला की मेलात असं नाही, घाबरू नका, पण तोल हाही सरावानेच टिकतो. बेसिनजवळ राहा म्हणजे धरता येतं.

---

धागाकर्ता: ताई, आत्ताच करून बघितलं. उजव्यावर 14, डाव्यावर 6. मोजायला बायकोला उभं केलं होतं, मग तिने स्वतः 30 काढले, हातातला चहाचा कप खाली न ठेवता.