मदत हवी आहे: पिशवीबंदीचा नदीवर झालेला परिणाम मोजायचा कसा?

ओढाकाठ (धागाकर्ता)
प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी घालणाऱ्या नियमाचा मसुदा तयार होतोय. बंदी लागू व्हायला तीन महिने आहेत. तेवढ्यात नदीकाठची आधीची स्थिती नोंदवून ठेवायची आहे. चाचणी म्हणून पिशव्या काढून वजन केलं, तर एकाच जागेचे पंधरा दिवसांच्या अंतराने आलेले दोन आकडे एकमेकांच्या जवळपासही नाहीत. वजन धरावं की नग? फाटक्या तुकड्यांचं काय? शिवाय मसुद्यात सध्या ‘५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी’ असं लिहिलंय, ते पुरेसं आहे का?

पाणथळ
वजन सोडा, नग मोजा. पाण्यातून निघालेल्या पिशवीच्या घड्यांत गाळ बसलेला असतो. मूळ पिशवी पाच-सहा ग्रॅमची आणि काट्यावर दिसतो तो मुख्यतः चिखल. धुऊन-वाळवून वजन करता येतं, पण दर खेपेला ते सारख्याच काटेकोरपणे होत नाही आणि तिथेच आकडे बिघडतात.

तुकड्यांसाठी नियम एकच ठेवा: तळाचा जोड अर्ध्याहून जास्त हाती आला तर एक पिशवी. पिशवी धरायचे बंद मोजू नका. ते दोन असतात आणि वेगवेगळे तुटून मुळांत अडकतात, म्हणजे एकाच पिशवीच्या दोन होतात. बाकी चिंध्यांसाठी वेगळा रकाना.

मोजणीचा पट्टा काठाच्या लांबीने १०० मीटर. समुद्रकिनाऱ्यांवरच्या मोजणीतही ही लांबी रुळलेली आहे. दोन्ही टोकांना पुलाचा खांब किंवा मोठा खडक अशी न हलणारी खूण धरा. झाडाला बांधलेली फीत पहिल्याच पुरात जाते. पहिल्या दिवशी पट्टा पूर्ण साफ करा आणि तो आकडा ‘जुना साठा’ म्हणून बाजूला ठेवा. त्यात कित्येक वर्षांच्या पिशव्या असतात. तो ‘बंदीपूर्वीचा आकडा’ म्हणून वापरला तर बंदी काहीही न करता यशस्वी दिसेल. तुमच्या दोन आकड्यांतल्या फरकाचं एक कारण हेही असू शकतं. त्यानंतर दर १४ दिवसांनी मोजणी.

ओढाकाठ
पण पुरानंतर आकडा एकदम फुगला तर? तो बंदीचं अपयश म्हणून वाचला जाईल.

पाणथळ
म्हणूनच त्याच फेरीत बंदी नसलेल्या दोन-तीन वस्तू मोजा: बाटल्यांची झाकणं, खाऊची वेष्टनं, दोरीचे तुकडे. पूर सगळंच आणतो, त्यामुळे एकूण नगांत पिशव्यांचा वाटा किती, हे पाहिलं की पाण्याचा परिणाम बराचसा वजा होतो. अमेरिकेतल्या ४५ हजारांहून अधिक किनारा-सफाईंच्या नोंदी अशाच तपासल्या गेल्या. २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात, पिशव्यांवर नियम असलेल्या भागांत हा वाटा नियम नसलेल्या भागांच्या तुलनेत २५ ते ४७ टक्क्यांनी कमी दिसला. शक्य असेल तर बंदीच्या हद्दीबाहेर, वरच्या अंगाला, दुसरा पट्टाही धरा.

जाडीमाप
मसुद्यातली ५० मायक्रॉनची अट काढून टाका, अशी कळकळीची विनंती. गणित पाहा. ३० × ४० सेंटीमीटरची पिशवी, दोन पदर, म्हणजे २४०० चौरस सेंटीमीटर. ५० मायक्रॉन म्हणजे ०.००५ सेंटीमीटर. घनफळ १२ घन सेंटीमीटर, घनता ०.९५ धरली तर साधारण ११.४ ग्रॅम. पातळ पिशवीच्या दुप्पट प्लॅस्टिक, आणि या मसुद्याच्या दृष्टीने निर्दोष! कॅलिफोर्नियात हेच झालं. तिथे सुमारे ५७ मायक्रॉनच्या पिशव्यांना ‘पुन्हा वापरता येण्याजोग्या’ म्हणून मुभा होती. लोक त्याही एकदाच वापरून टाकत राहिले, आणि शेवटी २०२४ मध्ये कायदा करून ही पळवाट बंद करावी लागली.

जाडीची तपासणीही वाटते तितकी सोपी नाही. पिशवी घडी घालून मापली तर घडीत हवा राहते आणि जाडी जास्त येते. सपाट भागातून दहा तुकडे कापा, हवा दाबून काढत एकावर एक रचा, मायक्रोमीटरने मापा, दहाने भागा.

त्यापेक्षा बंदी साहित्यावर घाला: ‘प्लॅस्टिकची कॅरीबॅग, जाडी कोणतीही’. न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा (हेही प्लॅस्टिकच) उल्लेख नावानिशी करा. ती पिशवी कापडासारखी दिसते आणि कापड म्हणूनच खपते. शंका आली तर एक धागा चिमट्यात धरून पेटवा: सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिप्रॉपिलीन वितळून त्याचा कडक मणी होतो. आणि बंदी फक्त पिशवी ‘देणे’ एवढ्यावरच नको. साठवणे, विकणे, आणणे हेही लिहा.

ओढाकाठ
‘विघटनशील’ असं छापलेल्या पिशव्यांना सूट द्यावी, असा आग्रह होतोय.

जाडीमाप
देऊ नका. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१९ च्या प्रयोगात ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणवणारी पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहूनही सामान पेलत होती. ‘कंपोस्टेबल’ पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही सापडली. नदीकाठ म्हणजे बराचसा मातीच. छपाईवरून नदीत काय होईल ते ठरत नाही.

काळा थर
नोंदवहीत कचऱ्याच्या डब्यात लावायच्या पिशव्यांचाही रकाना ठेवा. कॅरीबॅग बंद झाल्या की त्यांची विक्री वाढते. कॅलिफोर्नियावरच्याच २०१९ च्या एका अभ्यासात कॅरीबॅग बंद झाल्याने कमी झालेल्या प्लॅस्टिकपैकी सुमारे ३० टक्के या वाटेने परत आलेलं दिसलं. हा रकाना सुरुवातीपासून नसेल तर नंतर तुलना करता येत नाही.

आणि पिशवी पाण्यातून काढताना तळाकडून, हळूहळू उचला. तोंड खाली करून पाणी काठावरच निथळू द्या, आत पाहा. घड्यांत लहान मासे, झिंगे, गोगलगायी बसलेल्या असतात. थेट पोत्यात गेल्या तर मेल्याच. पक्ष्याच्या घरट्यात गुंतलेली पिशवी विणीच्या काळात ओढू नका. नोंद ‘घरट्यात – १’ अशी करा आणि पिल्लं उडाल्यावर काढा.

ओढाकाठ
मसुद्यातली जाडीची अट आणि विघटनशीलची सूट, दोन्ही काढण्याचा प्रस्ताव देतोय. पट्टा पुलाच्या खांबापासून धरतो. जुना साठा या रविवारी.