ग्लूट-१ चा वेग मोजायचाय, किरणोत्सारी साखर न वापरता. पद्धत सुचवा

दांडियाबाजारची मुक्ता
मंडळी, मी बडोद्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पेशीपटलातून ग्लुकोजची ने-आण करणाऱ्या ग्लूट-१ या वाहक प्रथिनाचा वेग मोजणं हा माझा प्रकल्प. जुन्या शोधनिबंधांत बहुतेक ठिकाणी ट्रिशियम किंवा कार्बन-१४ लावलेली साखर आहे. आमच्या लॅबकडे त्याचा परवाना नाही आणि हातात चारच महिने आहेत. साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर, सेंट्रिफ्यूज, वॉटर बाथ एवढंच आहे. तांबड्या रक्तपेशी घ्यायचं ठरतंय. मैत्रीण म्हणते, खाटकाकडून बकऱ्याचं रक्त आण. की चमकणारी २-एनबीडीजी साखर मागवू? ज्यांनी स्वतः हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

पेशीवाला
२-एनबीडीजी नको. महाग आहेच, शिवाय टी पेशींमध्ये ग्लूट वाहक अडवले तरी ती आत जाते असं दिसून आलंय. चित्रं सुंदर येतील, पण तो आकडा वाहकाचा वेग म्हणून प्रबंधात लिहिता येणार नाही.

फतेहगंज नाका
मुक्ता, बकऱ्याच्या रक्ताचा विचार आजच सोड. प्रौढ बकऱ्याच्या तांबड्या पेशींवर ग्लूट-१ जवळपास नसतोच. माणूस, वानरं, गिनीपिग अशा, शरीरात क जीवनसत्त्व न बनवणाऱ्या सस्तन प्राण्यांच्याच प्रौढ तांबड्या पेशींवर तो भरपूर सापडतो. म्हणजे माणसाचंच रक्त हवं. त्यासाठी एथिक्स कमिटीचा अर्ज याच आठवड्यात टाक, वेळ तिथेच जातो.

आता पद्धत. सेन आणि विडास यांनी १९६२ साली मांडलेली प्रकाशाची पद्धत तुझ्यासाठीच आहे असं समज. धुतलेल्या पेशी १०० मिलिमोलर ग्लुकोज घातलेल्या सलाइनमध्ये ३७ अंशांवर तासभर ठेव, म्हणजे आत-बाहेर ग्लुकोज सारखं होतं. मग त्यांतला थोडासा भाग जवळजवळ ग्लुकोज नसलेल्या सलाइनमध्ये टाक. पाणी आत शिरून पेशी आधी फुगतात, नंतर ग्लुकोज बाहेर पडत जातं तसतशा आकसतात. आकसलेली पेशी प्रकाश जास्त विखुरते, म्हणून द्रावणातून पार होणारा प्रकाश कमी होत जातो. तीच रेघ तुझं मोजमाप. ७०० नॅनोमीटरच्या आसपास वाच, तिथे हिमोग्लोबिन फारसं मधे येत नाही. बाहेरचं ग्लुकोज पायरीपायरीने वाढवत जा. दर वेळी सुरुवातीचा सरळ भाग पुढे वाढवून बाहेर पडण्याचा काळ काढ आणि तो बाहेरच्या ग्लुकोजसमोर मांड. सरळ रेषा येते. ती ग्लुकोजच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे जिथे छेदते, तिथे केएम, म्हणजे वाहकाचा वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो ती ग्लुकोजची मात्रा.

तापमान सांभाळ, हे कळकळीने सांगतो. मी हे काम मे महिन्यात केलं. बडोद्याच्या उन्हात क्युव्हेट (द्रावण ठेवायची पारदर्शक कुपी) हातात धरलं तरी तापायचं. वाहकाचा वेग तापमानाबरोबर भराभर वाढतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या माझ्या कोणत्याही दोन रेघा जुळल्या नाहीत. क्युव्हेटच्या खोबणीभोवती थंड पाणी खेळवलं तेव्हा कुठे जमलं. शक्य असेल तर २० अंशांवरच काम कर. ३७ ला सगळं इतक्या झटकन उरकतं की तू ढवळून झाकण लावेपर्यंत सुरुवातीचा भाग निघून गेलेला असतो.

दांडियाबाजारची मुक्ता
दादा, मनापासून आभार. अर्ज उद्याच देते. पण परीक्षक विचारतील, ग्लुकोज वाहकातूनच जातंय, नुसतं झिरपत नाहीये, कशावरून?

प्रयोगवही
अगदी हाच प्रश्न मला विचारला होता, म्हणून लिहिते. ग्लुकोज न भरलेल्या पेशींना बाहेरून डी-ग्लुकोज दिलंस की त्या आकसून पुन्हा पूर्ववत होतात. त्याचंच आरशातलं रूप असलेलं एल-ग्लुकोज दिलंस तर आकसलेल्याच राहतात. झिरपणं असतं तर दोन्ही साखरा सारख्याच वागल्या असत्या. एल-ग्लुकोज महाग आहे, अगदी थोडं मागव. दुसरं, सायटोकॅलासिन-बी किंवा फ्लोरेटिन ही वाहक अडवणारी रसायनं घालून वेग पडतो का बघ. ती ज्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवशील, तो एकटा घातलेली नळीही सोबत ठेव. ती मी ठेवली नव्हती आणि सगळा संच पुन्हा करावा लागला.

पेशीवाला
मुक्ता, पुढे कोणी २-डीऑक्सिग्लुकोज ही ग्लुकोजसारखी साखर सुचवलं तर एवढं लक्षात ठेव: आत गेल्यावर हेक्सोकायनेज हे पेशीतलं विकर त्याला फॉस्फेट लावून अडकवतं. हेक्सोकायनेज मंद असेल तर तू वाहक नव्हे, तेच मोजत बसशील.