प्रादेशिक सेना आणि परराष्ट्र सेवा: दोन्ही साधता येतील का?

करवीरकर:
नमस्कार. मी राज्य शासनात राजपत्रित अधिकारी आहे. वय २९, प्रवर्ग खुला. परराष्ट्र सेवेचे ध्येय ठेवून केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देत आहे. कोल्हापुरातील १०९ टीए (टेरिटोरियल आर्मी, म्हणजेच प्रादेशिक सेना) बटालियन लहानपणापासून पाहत आल्यामुळे प्रादेशिक सेनेत अधिकारी होण्याचीही इच्छा आहे. शासकीय सेवेत राहून तेथे अर्ज करता येतो का, आणि पुढे परराष्ट्र सेवेत निवड झालीच तर दोन्ही जबाबदाऱ्या एकत्र निभावतील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_टीए:
अर्ज अवश्य करता येतो. किंबहुना पोटापाण्याचा उद्योग सांभाळून लष्करी सेवा करू इच्छिणाऱ्या नागरिकांसाठीच ही सेना आहे. पदवी, १८ ते ४२ वर्षे वय आणि उत्पन्नाचे साधन या मुख्य अटी आहेत. मात्र पोलीस व निमलष्करी दलांतील कर्मचाऱ्यांना ही वाट बंद आहे. लेखी परीक्षा, प्राथमिक मुलाखत मंडळ, एसएसबी (सैन्यदलांचे सेवा निवड मंडळ) आणि वैद्यकीय तपासणी असे टप्पे असतात. पहिल्या वर्षी एक महिन्याचे मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचे शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत डेहराडूनच्या अकादमीत तीन महिने, एवढा वेळ काढावा लागतो. विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लेखी घ्यावे आणि वरिष्ठांना शिबिराची कल्पना आधीच द्यावी, कारण मार्चअखेरीच्या धांदलीत शिबिराचे पत्र पुढे करणारा अधिकारी कोणत्याच साहेबांना आवडत नाही.

लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या व्यक्तीस ती सेवा संपल्यावर पूर्वीच्या नोकरीत परत घेण्याचे बंधन १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्याच्या कलम ७ ने मालकावर घातले आहे. बोलावणे ही केवळ कागदावरची शक्यता समजू नये: मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रादेशिक सेनेच्या ३२ पैकी १४ पायदळ बटालियन तैनात करण्यास मंजुरी देऊन लष्करप्रमुखांना अधिकारी व जवानांना सेवेत पाचारण करण्याचे अधिकार दिले होते.

दूतावासी:
खरी अडचण दुसऱ्या प्रश्नात आहे. परराष्ट्र सेवेतील उमेदवार मसुरी आणि दिल्ली येथील प्रशिक्षणानंतर परदेशातील वकिलातीत रुजू होतो, तेथील भाषा शिकतो आणि पुढेही सेवेचा मोठा काळ देशाबाहेर काढतो. अशा अधिकाऱ्याने दरवर्षी दोन महिने बटालियनच्या शिबिरास हजर राहणे व्यवहारात शक्य दिसत नाही. वकिलातीतील संरक्षण सहचारी (डिफेन्स अटॅशे, म्हणजे संरक्षणविषयक कामकाज पाहणारा लष्करी अधिकारी) गणवेशात दिसतो म्हणून अनेकांचा गैरसमज होतो; ते पद नियमित सैन्यदलांतील अधिकाऱ्यांचे असते आणि प्रादेशिक सेनेतून त्याकडे जाणारा मार्ग नाही.

करवीरकर:
मग आधी शॉर्ट सर्व्हिस कमिशन (सैन्यात ठरावीक मुदतीसाठीची अधिकारी नेमणूक) घेऊन नंतर परराष्ट्र सेवेकडे वळणे योग्य ठरले असते का?

दूतावासी:
पंचविशीच्या आतील वाचकांसाठी तो उत्तम मार्ग आहे, कारण किमान पाच वर्षे लष्करी सेवा करून मुदत पूर्ण झाल्यावर मुक्त झालेल्या अधिकाऱ्यांना नागरी सेवा परीक्षेत पाच वर्षांपर्यंत वयाची सवलत मिळते. आपले ते वय उलटून गेले आहे. मात्र नागरी सेवेची आपली मर्यादा ३२ आणि प्रादेशिक सेनेची ४२ आहे, त्यामुळे क्रम आपोआप ठरतो: उरलेले प्रयत्न आधी परीक्षेला द्यावेत. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुल लाट गावचे ज्ञानेश्वर मुळेही राज्य सेवेत उपजिल्हाधिकारी असताना परराष्ट्र सेवेत गेले होते.

निवृत्त_टीए:
सहमत. निवड झाली नाही तर राज्य सेवेतील स्थिर नोकरी आणि टीए ही जोडी चांगली जमते. फक्त या सेनेत पूर्णवेळ नोकरीची वा निवृत्तिवेतनाची हमी नसते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे.